एका पेल्याचे प्रवाळ: कॅरिओफिलिया स्मिथायची रचना, मोजणी आणि वर्गीकरण

प्रश्न थोडक्यात असा: पेल्याच्या आकाराचा एकच सांगाडा हाताशी आहे आणि वरून पाहिले तर आत चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे दिसतात. हा एका प्राण्याचा पूर्ण सांगाडा की वसाहतीतून तुटलेला तुकडा? त्यात नेमके काय पाहायचे, आणि नाव कोणत्या पातळीपर्यंत खात्रीने द्यायचे? ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यांपासून भूमध्य समुद्रापर्यंत आढळणारी कॅरिओफिलिया स्मिथाय ही जात समोर ठेवून उत्तर देतो. एकांड्या दगडी प्रवाळांची बहुतेक महत्त्वाची लक्षणे आणि ओळख पटवताना होणारे बहुतेक घोटाळे या एका जातीत भेटतात.

उंची, रुंदी आणि रंग यांच्यावर भिस्त ठेवू नका. ही जात उथळ पाण्यातल्या खडकावर वाढली की बसकी आणि रुंद बुडाची होते. खोल पाण्यात, गाळाच्या तळावर, शिंपल्याच्या तुकड्यावर किंवा कृमीच्या नळीवर वाढली की अरुंद देठाची आणि उंच होते. या दुसऱ्या रूपाला एकेकाळी क्लेव्हस असे वेगळे नाव होते. आज दोन्ही रूपे एकाच जातीत धरतात. जिवंत प्राणी पांढरा, गुलाबी, नारिंगी, तपकिरी किंवा हिरवट, कसाही असू शकतो. बाहेरचा घाट परिस्थितीप्रमाणे बदलतो, पण आतले पडदे ज्या क्रमाने उगवतात तो क्रम सहसा बदलत नाही. म्हणून ओळख पडद्यांवरून पटवायची.

आधी तुकड्याची शंका मिटवू. पेला उलटा करून बुडाकडे पाहा. एकांड्या प्रवाळाचे बूड पसरट चकतीसारखे असते, ज्या पृष्ठावर ते चिकटले त्याच्या खाचाखोचांचा ठसा त्यावर दिसतो आणि कडेला चुन्याचा पातळ थर पसरलेला असतो. वसाहतीच्या तुटलेल्या फांदीला खाली ताजा किंवा झिजलेला भंग असतो, त्या भंगात पडद्यांचे आडवे छेद दिसतात आणि बाजूच्या भिंतीवर शेजारच्या पेल्यांचे अवशेष असतात. अडचण येते ती गुच्छांची. स्मिथायच्या अळ्या पुष्कळदा मेलेल्या किंवा जिवंत भाऊबंदांच्या भिंतीवरच बसतात आणि चारपाच पेल्यांचा झुबका वसाहत असल्याचा भास करून देतो. जोडावर उभा छेद घेतला की उलगडा होतो. वरच्या पेल्याची स्वतःची बुडाची चकती मध्ये असेल आणि दोन पोकळ्या कुठेही जुळत नसतील, तर ते दोन स्वतंत्र प्राणी. पोकळी किंवा पडदे एका पेल्यातून दुसऱ्यात सलग गेले असतील, तर तो अंकुर आहे.

जिवंत प्राण्याची घडण समुद्रपुष्पासारखी असते. मुखाभोवतीच्या चकतीच्या कडेने संस्पर्शक असतात. मोठ्या प्राण्यात त्यांची संख्या ८० च्या आसपास जाते. ते अर्धपारदर्शक असतात, अंगावर दंशपेशींच्या पुंजक्यांचे ठिपके असतात आणि टोकाला फिकट रंगाचा गोळा असतो. या गोळ्यावरून थेट नाव देण्याची चूक फार होते. कोरिनॅक्टिस विरिडिस या बिनसांगाड्याच्या प्राण्यालाही असेच गोळे असतात आणि तो याच खडकांवर दाटीने वाढतो. प्राणी आक्रसला की स्मिथायच्या पातळ उतींखालून पडद्यांच्या पांढऱ्या कडा वर येतात. कोरिनॅक्टिस मऊ गोळ्यासारखा होतो आणि आत काहीच कठीण दिसत नाही. स्मिथायच्या मुखाभोवती बऱ्याचदा गडद तपकिरी, नागमोडी कडे असते. ते ओळखीला पूरक आहे, पण प्रत्येक नगात असेलच असे नाही.

हिरवट छटा दिसली म्हणून पेशींत शैवाल असल्याचे समजू नये. ही जात सहजीवी शैवालाशिवाय जगते, संस्पर्शकांनी प्लवक पकडते आणि तरंगते सेंद्रिय कण खाते. उजेडाची गरज नसल्यामुळेच ती कड्याखालच्या अंधारात, गुहेच्या छतावर आणि शंभर मीटरहून खोल पाण्यातही राहू शकते.

मुखातून आखूड घसा देहगुहेत उतरतो. गुहेच्या भिंतीपासून आत आलेल्या मांसल पडद्यांना मेसेंटरी म्हणतात. पुढे ‘पडदे’ हा शब्द फक्त चुन्याच्या पडद्यांसाठी वापरतो. मेसेंटरी जोडीजोडीने असतात. पहिल्या सहा जोड्या घशापर्यंत पोचतात, नंतरच्या बहुतेक अपुऱ्या राहतात. प्रत्येक जोडीतले आकुंचक स्नायू एकमेकांसमोर येतात. अपवाद समोरासमोरच्या दोन जोड्यांचा: त्यांचे स्नायू एकमेकांकडे पाठ करतात. या दोन दिशादर्शक जोड्यांमुळे प्राण्याला एक अक्ष मिळतो, म्हणजे वरून वर्तुळाकार दिसणारा हा प्राणी खरे तर द्विपार्श्व आहे. पुढे पडदे मोजताना हाच अक्ष कामी येतो. मेसेंटरीच्या मोकळ्या कडेवर पचनाचे आणि दंशपेशींचे दोरे असतात, आणि जननग्रंथीही मेसेंटरीतच वाढतात. नर आणि मादी वेगळे असतात. अळी काही आठवडे पाण्यात तरंगते, त्यामुळे ही जात दूरदूर पसरते.

चुन्याचे पडदे या कप्प्यांमध्ये खालून वर चढतात. प्राण्याच्या बुडाचा सर्वांत खालचा पेशीथर कॅल्शियम कार्बोनेट अ‍ॅरॅगोनाइटच्या रूपात साठवतो आणि त्या साठ्यावर उती घडी पडल्यासारख्या चढत जातात. म्हणजे सांगाडा पूर्णपणे शरीराबाहेर असतो. पडदा कितीही खोल आत गेलेला दिसला तरी त्यावर कातडीचे अस्तर असतेच. जुन्या चक्रांतले पडदे एकाच जोडीच्या दोन मेसेंटरींमध्ये बसतात, आणि सर्वांत नव्या चक्रातले दोन जोड्यांमधल्या मोकळ्या जागेत. जिवंत उती काठावरून बाहेर ओघळून भिंतीचा वरचा भागही झाकतात. जिथून त्या मागे सरतात तिथे शैवाल, शेवाळप्राणी आणि किडे बसतात. म्हणूनच जुन्या नगाची खालची अर्धी भिंत खरबरीत आणि पोखरलेली असते. भिंतीचे बारकावे टिपायचे असतील तर काठाखालच्या पाचेक मिलिमीटर पट्ट्याकडे पाहावे. तिथे पडद्यांचे बाहेर आलेले कणीदार कंगोरे स्वच्छ दिसतात.

आता मुख्य काम, पेल्याचे तोंड वाचणे. पडदे चक्रांनी उगवतात: पहिले चक्र ६, दुसरे ६, तिसरे १२, चौथे २४. चार चक्रे पूर्ण झाली की बेरीज ४८. पहिल्या आणि दुसऱ्या चक्रातले पडदे या जातीत बहुधा सारखेच रुंद असतात आणि काठाच्या वर उठलेले असतात, त्यामुळे त्या दोघांना वेगळे ओळखण्यात वेळ घालवू नका. असे दोन मोठे शेजारी पडदे आणि त्यांच्यामधली जागा मिळून एक खंड समजा. खंडाच्या मधोमध तिसऱ्या चक्राचा एक पडदा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चौथ्या चक्राचा एकेक. खंड एकूण १२. तिसऱ्या चक्राच्या पडद्यापुढे, पेल्याच्या मध्याकडे, एक सुटी उभी पाकळी असते. तिला पॅलस म्हणतात. सगळ्या पॅलसांचे मिळून एकच कडे होते आणि त्या कड्याच्या आत मध्यस्तंभ असतो. पॅलस नेहमी शेवटून दुसऱ्या चक्रापुढे येतात आणि त्यांचे कडे एकेरी असते. कॅरिओफिलिया प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) हे सर्वांत भरवशाचे लक्षण आहे.

यातून मोजणीची एक खात्रीची पडताळणी मिळते. पॅलस मोजा आणि चारने गुणा. उत्तर पडद्यांच्या एकूण संख्येइतके आले पाहिजे. १२ पॅलस असतील तर ४८ पडदे. मोठ्या नगात एखाद्या खंडात पाचवे चक्र पूर्ण उगवते. तेव्हा त्या खंडात शेवटून दुसरे चक्र चौथे होते, त्यामुळे एकाऐवजी दोन पॅलस येतात आणि पडदेही चारने वाढतात. एकूण १३ पॅलस, ५२ पडदे. नियम तरीही जुळतो. खंडाच्या निम्म्याच भागात पाचव्या चक्राची एक जोडी उगवली असेल तर हिशेब दोनने चुकतो. म्हणून दोनाचा फरक आला तर घाबरू नये, तो खंड शोधून टिपणात लिहावा. एकाचा किंवा तीनाचा फरक आला तर मात्र बहुतेक वेळा मोजणीच चुकलेली असते किंवा एखादा पडदा तुटलेला असतो. काही नगांत सहाची पटच सुटते आणि १४ मोठे, १४ मधले, २८ लहान अशी रचना सापडते. अशा नगावर ओढूनताणून सहाची चक्रे बसवण्यापेक्षा ‘१४:१४:२८’ असे सरळ लिहिणे शहाणपणाचे.

मोजणी नुसत्या डोळ्यांनी करू नका. पेला वाळूच्या बशीत खोचून तोंड क्षितिजसमांतर करा, वरून सरळ छायाचित्र घ्या आणि त्यावर चक्रानुसार वेगळ्या रंगांनी खुणा करा. तोंड लंबवर्तुळाकार असेल तर लांब अक्षाच्या टोकांवर बहुधा पहिल्या चक्राचे पडदे येतात. तिथून सुरुवात केली की क्रम सुटत नाही. उजेड अगदी तिरका, जवळजवळ आडवा ठेवा. समोरून उजेड टाकला की पॅलस आणि मध्यस्तंभ यांच्यातली सीमा पुसली जाते. सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. मध्यस्तंभ पिळ घातलेल्या अनेक पातळ फितींचा बनलेला असतो आणि बाहेरच्या फिती पॅलस म्हणून मोजल्या जातात. फरक असा: पॅलस अधिक रुंद, अधिक उंच आणि नागमोडी कडांचा असतो, तो आपल्या पडद्याच्या रेषेत उभा असतो आणि दोघांमध्ये एक स्पष्ट खाच असते. फितीची रेषा कुठल्याच एका पडद्याशी जुळत नाही.

लहान नगांनी तर अनेकांना चकवले आहे. जेमतेम १२ किंवा २४ पडदे उगवलेल्या पिलात पॅलसचा पत्ता नसू शकतो, आणि मग तो नग भलत्याच प्रजातीत टाकला जातो. चार-पाच मिलिमीटरच्या पेल्यावर जातीचे नाव लिहू नये. त्याच ठिकाणचे मोठे नग शेजारी ठेवून वाढीची साखळी जुळत असेल तर गोष्ट वेगळी.

सांगाडा साफ करण्याआधी उतींचा विचार करा, कारण एकदा ब्लीचमध्ये गेलेला नग पुन्हा मऊ भाग देत नाही. डीएनएसाठी काठावरच्या उतीचा छोटा तुकडा ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा आणि एका दिवसाने इथेनॉल बदला. प्राण्यातल्या पाण्याने ते पातळ होते. मेसेंटरी पाहायच्या असतील तर प्राणी आधी फुललेल्या स्थितीत शिथिल करावा लागतो. त्यासाठी १०० मिलिलिटर गोड्या पाण्यात साडेसात ग्रॅम सजल मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून ते द्रावण समुद्राच्या पाण्यात थोडेथोडे मिसळत जातात. स्पर्शाला प्रतिसाद थांबला की बोरॅक्स घालून अम्लता मारलेल्या फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करतात. साधे फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि पडद्यांच्या बारीक कडा खाते. महिन्यांनी बाटली उघडली की कणीदार पृष्ठभाग गुळगुळीत झालेला सापडतो. छेद घेण्याआधी चुना काढण्यासाठी १० टक्के ईडीटीए वापरा, पीएच सातच्या आसपास ठेवा आणि द्रावण दर दोन-तीन दिवसांनी बदला. तीव्र आम्लाने काम लवकर होते, पण बुडबुड्यांनी उती फाटतात.

सांगाड्यासाठी घरगुती ब्लीच निम्म्या पाण्यात मिसळून १२ ते २४ तास पुरते. त्यानंतर गोडे पाणी चार-पाच वेळा बदलून धुवा आणि शेवटी एक रात्र बुडवून ठेवा. ही पायरी गाळली तर वाळताना मिठाचे स्फटिक पडद्यांच्या फटीत फुलतात आणि कणी असल्याचा भास करतात. व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल कधीही नको. टणक ब्रशने पॅलस तुटतात. फुगा दाबून पाण्याची धार सोडणे पुरेसे असते. अल्ट्रासोनिक यंत्र वापरायचेच तर काही सेकंदच चालवावे.

मापे ०.१ मिलिमीटरपर्यंत घ्या: तोंडाचा मोठा व्यास, लहान व्यास, उंची आणि देठाचा सर्वांत अरुंद भाग. देठ आणि मोठा व्यास यांचे गुणोत्तर लिहिले की बसके आणि उंच रूप यांची तुलना करता येते. स्मिथायच्या मोठ्या नगाचे तोंड सहसा दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत असते. मेलेल्या नगाच्या काठावर लंबगोल छिद्र असलेला छोटा शंकू दिसला तर तो सांगाड्याचा भाग समजून मापात धरू नका. तो मेगाट्रेमा अँग्लिकम हा प्रवाळांवर राहणारा बार्नेकल असतो.

जवळची दिसणारी प्रवाळे वेगळी काढताना भिंतीपासून सुरुवात करा. दहापट भिंगाखाली स्मिथायची भिंत घट्ट, बिनछिद्राची दिसते. बॅलॅनोफिलिया रेजियाची भिंत सच्छिद्र असते, मध्यस्तंभ स्पंजासारखा असतो आणि धाकटे पडदे आपल्या थोरल्या शेजाऱ्यापुढे वाकून एकमेकांना मिळतात. या वाकण्याच्या मांडणीला पूर्ताले रचना म्हणतात. लेप्टोसॅमिया प्रुव्होटीची भिंतही सच्छिद्र असते, पण मोठ्या नगात पूर्ताले रचना नसते. जिवंतपणी हे प्रवाळ झगझगीत पिवळे असते. डेस्मोफिलम डायँथसमध्ये पॅलस नाहीत, मध्यस्तंभ जवळजवळ नाही आणि मोठे पडदे काठावर खूप उंच उठलेले असतात. फ्लॅबेलम प्रजातीत पॅलस नसतात आणि पेला पंख्यासारखा चपटा असतो. खरी कसोटी कॅरिओफिलिया इनॉर्नाटाची, कारण ती त्याच प्रजातीतली आहे. तिचा पेला लहान आणि नळीसारखा असतो आणि पॅलसचे कडे नीट उठून दिसत नाही. तरुण स्मिथाय आणि प्रौढ इनॉर्नाटा यांच्यात एका नगावरून निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. आठ-दहा नगांचा संच हवा.

वर्गीकरणात ही जात निडारिया संघात, हेक्झाकोरॅलियात, स्क्लेरॅक्टिनिया गणात आणि कॅरिओफिलिडी कुलात बसते. हेक्झाकोरॅलिया हा अँथोझोआ वर्गातला उपवर्ग असे जुन्या पुस्तकांत आढळेल. २०२२ च्या पुनर्मांडणीनंतर त्याला वर्गाचा दर्जा देतात आणि अँथोझोआ एक पायरी वर जातो. गणाची खूण म्हणजे सहा ठिकाणी एकाच वेळी पुढे सरकणारी पडद्यांची वाढ. पुराजीव महाकल्पातली रुगोझा प्रवाळेही पुष्कळदा एकांडी आणि शिंगासारखी असत, पण त्यांच्यात पहिल्या सहा पडद्यांनंतरचे पडदे चारच जागी वाढत आणि सांगाडा कॅल्साइटचा असे. पर्मियन कल्पाच्या अखेरीस ती नष्ट झाली. आजची दगडी प्रवाळे मध्य ट्रायासिकपासून खडकांत दिसतात. जीवाश्माचा आडवा छेद घेतला की हा फरक एका नजरेत कळतो.

कुलाच्या पातळीवर मात्र सावध राहावे लागते. पडदे उगवण्याचा नियम मिल्न एडवर्ड्स आणि हेम यांनी १८४८ च्या सुमारास मांडला, आणि १९५६ मध्ये वेल्स यांनी सांगाड्याच्या आधारे गणाचे पाच उपगण केले. १९९६ मध्ये रोमानो आणि पालुम्बी यांनी डीएनएची तुलना केली तेव्हा ही चौकट टिकली नाही. दगडी प्रवाळे दोन मोठ्या शाखांत विभागली गेली आणि त्या शाखा जुन्या उपगणांशी जुळल्या नाहीत. २०१० मध्ये किताहारा आणि सहकाऱ्यांनी खोल पाण्यातल्या जाती मोठ्या संख्येने तपासल्या. त्यात कॅरिओफिलिडी हे कूळ एका पूर्वजाचे नसल्याचे दिसले. घट्ट भिंत आणि गुळगुळीत कडांचे पडदे वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आले आहेत. एकांडेपणाचेही तसेच. २०१६ मध्ये झुडपासारखी वसाहत करणारी लोफेलिया पर्टुसा ही जात डेस्मोफिलम प्रजातीत हलवली गेली, कारण तिचा सर्वांत जवळचा नातेवाईक एकांडा डेस्मोफिलम डायँथस निघाला. तेव्हा एकच पेला आहे, या गोष्टीवरून कूळ ठरवता येत नाही. सांगाड्यावरून प्रजाती आणि जात खात्रीने ठरवता येते. त्याच्या वरचे नाते सांगायला डीएनए लागतो. बाटलीतला इथेनॉलमधला तुकडा म्हणूनच जपायचा.

चिठ्ठीवर नाव असे लिहावे: कॅरिओफिलिया स्मिथाय स्टोक्स आणि ब्रॉडेरिप, १८२८. कर्त्यांची नावे कंसात नाहीत, कारण त्यांनी जातीचे वर्णन याच प्रजातीत केले होते. डेस्मोफिलम डायँथस (एस्पर, १७९४) मध्ये कंस आहे, कारण एस्पर यांनी ती माड्रेपोरा या प्रजातीत ठेवली होती. पॅलसचे कडे स्पष्ट असून पडद्यांची मोजणी अपुरी राहिली असेल तर ‘कॅरिओफिलिया, जात अनिश्चित’ इथेच थांबावे आणि मोजलेले आकडे सोबत लिहावेत. ठिकाण, खोली, तारीख आणि नग कशावर चिकटला होता हे त्याच चिठ्ठीवर पेन्सिलने लिहावे. इथेनॉल सांडले तर शाई जाते. सर्व दगडी प्रवाळे साइट्स या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. जीवाश्मांना सूट आहे, पण आजच्या मेलेल्या सांगाड्यालाही देशाची सीमा ओलांडताना परवाना लागतो, म्हणून नमुना दुसऱ्या देशातल्या तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी वरून घेतलेले छायाचित्र आणि मापे पाठवून पाहावीत.